सरपण की बासरी?

फुंकणीबाईंच्या दुकानात निकाल दोनच मिळत: "होईल", नाहीतर "सरपण". क्लॅरिनेट असो, बासरी असो, लाकडाचं आणि फुंकून वाजणारं काहीही आणा. बाई ते उजेडाकडे धरून आरपार बघणार, बोटाने टकटक करून कान लावणार, दोन फुंका मारणार आणि निकाल देऊन मोकळ्या होणार. "होईल" म्हणाल्या की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडे. "सरपण" म्हणाल्या की वस्तू फक्त चुलीत घालण्याच्या लायकीची. मग कितीही गयावया करा, बाई ढिम्म हलायच्या नाहीत. आणि एवढ्या वर्षांत त्यांचा निकाल कधी चुकलाही नव्हता, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

फुंकणी हे नाव खुद्द त्यांच्या नवऱ्याने ठेवलेलं. नवरा टेलर. दुकान दोघांचं एकच. डावीकडे त्यांचं शिलाई मशीन, उजवीकडे बाईंचं टेबल, कानशी आणि मेण वितळवायची वाटी. बाईंचे वडील बँडची वाद्यं दुरुस्त करायचे. बँडवाल्यांच्या गणवेशाची मापं घ्यायला हे मास्तर तिथे गेले, तेव्हा कोपऱ्यात एक मुलगी क्लॅरिनेट फुंकून बघत होती. एका दमात एवढा लांब सूर, की मास्तरांच्या हातातली टेप तशीच राहिली. "तेव्हाच कळायला हवं होतं," मास्तर अजून म्हणतात, "ही भांडायला लागली की मला मधे बोलायला फट मिळायची नाही." आणि खरंच, क्वचितच मिळाली.

त्या मंगळवारी सकाळी पोस्टमन आले. म्हणजे निवृत्त पोस्टमन. दुकानाच्या तीन पायऱ्या चढले आणि चौकट धरून उभे राहिले. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं, पण बसायलाही त्यांना जरा वेळ लागला.

या माणसाने तीस वर्षं इथल्या गल्ल्यांतून पत्रं वाटली, पण सायकलची घंटी कधी वाजवली नाही. शीळ घालायचे. चारच सूर, आणि शेवटचा वर उडवलेला. शीळ आली की खिडक्या उघडायच्या आणि वरून कुणीतरी विचारायचं, "कुणाचं आहे हो?" मग हे खालून नाव सांगायचे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढून टाकला. माणूस वाचला, शीळ गेली. ओठांचा चंबू केला तरी नुसती हवा यायची.

"वहिनी, ही बघा जरा," त्यांनी पिशवीतून एक लाकडी बासरी काढली. "लेकीने आणून दिलीय. डॉक्टर म्हणतात, रोज काहीतरी फुंकत जा. दोन महिने झाले, सूर म्हणून निघत नाही. मला एवढंच सांगा, दोष हिच्यात आहे की माझ्यात? माझ्यात असेल तर नाद सोडतो. लेक रोज समोर बसून बघते हो. तिचा चेहरा बघवत नाही."

बाईंनी बासरी हातात घेतली आणि नाक मुरडलं. रस्त्यावर टोपलीत घालून विकतात त्यातली. वार्निश असं थापलेलं, की भोकांच्या कडांवर त्याचे ओघळ वाळलेले. पण नळी डोळ्याला लावली तर आतून सरळ होती, हे बाईंनी मनात टिपलं. मग ओठाला लावून त्यांनी फुंक मारली.

काय सूर निघाला म्हणता! समोरचा चहावाला वळून बघायला लागला. बाईंना भलताच चेव आला. त्यांनी वरखाली दोनचार फेऱ्या मारल्या, शेवटचा सूर ताणला आणि ऐटीत म्हणाल्या, "हिला काय धाड भरलीय, भाऊ? ठणठणीत आहे की!"

पोस्टमन हसले. पण कसं, ते सांगायला नको.

"बरं झालं, कळलं," ते म्हणाले. "मग राहू दे इथेच. कुणालातरी द्या." आणि कठडा धरून तीन पायऱ्या उतरून गेले.

मास्तरांनी मशीन थांबवलं. आज फट मिळाली होती.

"झालं समाधान?"

"मग काय, खोटं बोलू?"

"खोटं नाही बोललीस. कोट त्याचा आणि अंगात घालून बघितलास तू. वर म्हणतेस, छान बसतोय."

"तुम्ही आपली शिलाई करा गुपचूप!" बाई कडाडल्या. पण बोलणं वर्मी बसलं होतं. पाच मिनिटं त्या कानशी इकडच्या तिकडे करत राहिल्या. मग बासरी उचलली, पदर खोचला आणि समोरच्या चार मजली इमारतीत शिरल्या.

आणि पळत सुटल्या. जिन्यावरून, छप्पन्नाव्या वर्षी! चौथ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा छातीचा भाता झालेला. तशीच बासरी ओठाला लावली. फुस्स. पुन्हा लावली. फुस्स. तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेने दार उघडून विचारलं, "काय झालं? आग लागली का?" बाईंना उत्तर देण्याइतकाही दम नव्हता. त्या खाली उतरल्या आणि परत वर धावल्या. यावेळी सूर नाही आला, पण कुठे अडतोय ते कळलं. फुंकायच्या भोकाची कड वार्निशने बोथट झालेली, तिथे अर्धा श्वास फुकट जात होता. शेजारचं आतलं बूच सैल, त्यातून आणखी थोडा. नळीला केसाएवढी चीर, उरलासुरला तिथून. एरवी बाईंच्या दमदार छातीला ही गळती जाणवलीच नव्हती.

लालबुंद चेहऱ्याने त्या दुकानात परतल्या. "सरपण आहे मेलं! दोष हिच्यातच!" हा शब्द इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

"मग घाल चुलीत," मास्तर म्हणाले. "तुझ्या कपाटातली एखादी चांगली दे त्याला. या दिडदमडीच्या बासरीपायी दोन दिवस घालवशील."

बाई कपाटाकडे गेल्याही. दार उघडलं, एक सुरेख बासरी काढली, पुन्हा ठेवून दिली.

"नको. चांगली दिली तर म्हणतील, वहिनींना दया आली. त्यांनी मला हिच्याबद्दल विचारलंय. आणि नळी सरळ आहे हिची. ती वाकडी असती तर मी बोटसुद्धा लावलं नसतं." त्यांनी चष्मा चढवला. "होईल."

दोन दिवस बाईंनी दुसरं काम हातात घेतलं नाही. वार्निश खरवडलं, कड धारदार केली, बूच नवं बसवलं, चीर भरून वर दोरा गुंडाळला आणि मेण चोळलं. आणि प्रत्येक कामानंतर समोरच्या जिन्यावरून पळत वर. चहावाल्याने ठरवून टाकलं की डॉक्टरांनी बाईंना वजन उतरवायला सांगितलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, धापा टाकत चौथ्या मजल्यावर उभ्या असताना, उरल्यासुरल्या श्वासात सूर निघाला. बारीक, पण स्वच्छ.

गुरुवारी सकाळी त्या पोस्टमनच्या घरी गेल्या. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते.

"चुकले मी, भाऊ. माझ्या छातीने तपासली मी ही. दोष बासरीतच होता."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय, वहिनी."

"कुणाला बरं वाटावं म्हणून मी आजवर एक शब्द बोलले असेन, तर मास्तरांना विचारा! घ्या. आणि जोर लावायचा नाही. गरम चहावर फुंकतो ना, तेवढंच."

पोस्टमननी बासरी ओठाला लावली. पहिल्या खेपेला हवाच आली. बाईंचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते पदरात गुंडाळून धरले. दुसऱ्या खेपेला सूर आला. पोस्टमन दचकून बासरीकडे बघायला लागले. आतल्या खोलीत भांडी लावणारी लेक थबकली, पण बाहेर आली नाही.

मग बोटं चाचपडत त्यांनी दोन सूर काढले. थांबले, श्वास घेतला. तिसरा. पुन्हा थांबले. आणि चौथा वर उडवला.

समोरच्या घराची खिडकी धाडकन उघडली आणि एक म्हातारा आवाज आला, "कुणाचं आहे हो?"

पोस्टमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यांचा आवाज तर पार कोपऱ्यापर्यंत गेला असता, पण पोस्टमननी हात वर करून त्यांना थांबवलं. छाती भरेल तेवढी भरून घेतली.

"तुमचं नाही, आजी!" ते ओरडले. "आज माझंच आलंय!"

आणि परत बासरी ओठाला लावली.