बुरशीनं काढलेली चित्रं

सिंगापुरात हौगांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी मी पलंगाखालून माझी जुनी चित्रं काढली आणि मटकन खालीच बसले. पुण्यात चित्रकला शिकतानाची ती माझी सगळी मेहनत, आणि तिच्यावर हिरवी-काळी बुरशी! इथल्या दमट हवेत चपलांनाही बुरशी येते, मला कळायला नको? नवरा म्हणाला, "टाकून दे गं, नवीन काढशील." मी त्याच्यावर अशी खेकसले, की बिचारा लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला.

रडून झाल्यावर मी चित्रं नीट बघितली. बुरशी वाट्टेल तशी पसरलेली नव्हती. चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवताना मी ब्रशनं मैद्याची खळ लावली होती, तिचे फटकारे जसेच्या तसे वर उमटले होते. म्हणजे ही बया खळ खात होती, आणि तीही माझ्याच हाताच्या वळणानं! झालं, मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी भाताची पेज गाळून घेतली आणि तिनंच कागदावर एक मासा काढला. वाळल्यावर काहीच दिसेना. कागद प्लास्टिकच्या डब्यात घातला, सोबत ओला बोळा ठेवला आणि डबा सिंकखाली सरकवला. पाचव्या दिवशी झाकण उघडते तर काय, मासा आला होता! करडा, मऊ लव असलेला. शेपटी मात्र आलीच नव्हती. का बरं? तिथे पेज पातळ पडली असेल का? मग मी एका पेजेत मीठ घातलं, दुसरी नाचणीची केली. नाचणीवर काळपट बुरशी यायची, मिठाच्या रेषा कोऱ्याच राहायच्या. सिंगापुरात आल्यापासून मी ब्रशला हात लावला नव्हता, आणि आता सिंकखाली अकरा डबे झाले. आमची सात वर्षांची लेक शाळेतून आली की बूट न काढताच विचारायची, "आई, ग्रो झालं?"

"वेट लाह, थांब गं," इथल्या बोलीत मीच तिला म्हणायची.

मग मी तिचाच चेहरा काढायला घेतला. गाल तांदळाच्या पेजेचे, केस आणि डोळे नाचणीचे. तिसऱ्या दिवशी गाल दिसायला लागले आणि मी घरभर नाचले.

त्याच आठवड्यात ती खोकायला लागली. छातीत सूं सूं वाजायचं, चार पावलं चालली की धाप लागायची. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुठे बुरशी आहे का?"

"थोडी आहे," मी म्हणाले.

"थोडी?" नवरा म्हणाला.

घरी येऊन मी एकेक डबा न उघडता चिकटपट्टीनं बंद केला, पिशव्यांत भरला आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमधून, थेट तळमजल्याला जाणाऱ्या त्या नळकांड्यातून, खाली टाकला. तिच्या चेहऱ्याचा डबा शेवटी राहिला. झाकणाला आतून वाफ धरली होती, काही दिसत नव्हतं. एकदाच उघडून बघावं असं फार वाटलं, देवाशपथ. नाही उघडला. तोही टाकला.

पिशवी खाली आपटल्याचा आवाज आला. आतल्या खोलीत लेक बापाच्या मांडीवर बसून इनहेलर ओढत होती, आणि मी तिथेच उभी राहून विचार करत होते, त्या चित्रात डोळे उमटले असतील का? स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. तरी तो विचार काही जाईना.