पाय नेतील तिकडे

रविवारी मंडईत भाजी घ्यायची आणि मग पाय नेतील त्या खानावळीत शिरायचं, ही आमच्या संसारातली एकमेव चैन. मला शेंगदाणा चालत नाही; दाण्याचं कूट नुसतं जिभेला लागलं तरी ओठ सुजतात. तरी आम्ही बेधडक कुठेही जेवतो, असं मी मैत्रिणींना मिरवून सांगत आले.

काल नवरा एका बोळात थांबला. "इथे कधी आलो नाही, बघू या?" म्हणाला. आम्ही बसलो. मी काही मागवायच्या आत खानावळीच्या मावशींनी माझ्यापुढे भरल्या वांग्यांचं ताट ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "भाऊ, परवा सांगून गेलात तसंच केलंय. वहिनींच्या वांग्यात कूट नाही, नुसतं खोबरं नि तीळ."

ताटाकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला. नवरा लिंबू पिळण्यात गर्क झाला. रस संपला तरी पिळतच होता.

म्हणजे ते बसस्टँडमागचं थालीपीठ, ती देवळाजवळची आमटी, सगळीकडे हा आधी एकटा जाऊन बसला होता? इतकी वर्षं ज्याला मी माझं धाडस समजत होते, ते कुणीतरी आधी चाखून ठेवलेलं होतं? अशा वेळी बायकांना म्हणे भरून येतं. मी हादरले होते, आणि खरं सांगायचं तर चिडलेही होते.

वांगी मात्र संपवली.

बाहेर पडल्यावर विचारलं, "पुढच्या रविवारी कुठे?"

"बघू की," भाजीची पिशवी उचलत तो म्हणाला, "पाय नेतील तिकडे."

मी त्याच्या झिजलेल्या चपलांकडे बघतच राहिले.