सत्तावीस नंबरचा बिल्ला

"वरची वर, खालची खाली," असं म्हणत भाऊ खड्डा बुजवायला बसत. खड्डा मी खणलेला असे, वीतभर खोल, आणि त्यातून निघालेला असे एखादा गंजका खिळा. तरी भाऊंची पद्धत ठरलेली. खणतानाच ते वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा पिवळा मुरूम दुसऱ्या बाजूला काढायला लावत. बुजवताना आधी मुरूम, मग काळी माती, मग टाचेनं दाबणं, आणि शेवटी वरून थोडा पालापाचोळा. मी घाई केली तर माझ्या हातातली खुरपी काढून घेत. "बाबू, मुरूम वर राह्यला त तिथी गवत बी उगवत नाई," म्हणत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाटेत पडलेली काटेरी फांदी स्वतःला नडत नसली तरी थांबून बाजूला करणारी. भाऊ त्यातले. मी त्यातला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसगत व्हायची नाही.

मी मूळचा चंद्रपूरचा. कचेरीत बाबू. तेव्हा माझी बदली धानोऱ्याकडे झाली होती. बायको-मुलं चंद्रपूरलाच होती आणि रविवार खायला उठायचा. करोनाच्या काळात मोबाईलवर जमिनीतली जुनी नाणी शोधणाऱ्या गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती, ती सुटली नव्हती. शेवटी तसलं एक मशीन मागवलंच. लांब दांडा, टोकाला गोल ताटली, कानाला हेडफोन. खाली धातू असला की वाजतं. जंगलात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, हे कचेरीत बसणाऱ्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. ऑफिसात मी सांगायचो, पक्षी बघायला जातो.

गाडीनं तासभराच्या वाटेवर इंग्रजांच्या काळी सागवानाचा डेपो होता. आता तिथं साहेबाच्या बंगल्याचं जोतं उरलंय, एक फुटका हौद आणि मोहाची झाडं. त्याला लागूनच भाऊंची दोन एकर धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. तीन पिढ्या ते कुटुंब ती जमीन कसत होतं आणि तीनही पिढ्या ती कागदावर जंगलाचीच होती.

पहिल्या दिवशी मी जोत्यापाशी मशीन फिरवत होतो, तर मागून आवाज आला. "काऊन जी, जमिनीले ताप आला का?"

मी दचकून वळलो. साठीपुढचे गृहस्थ, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर कुऱ्हाड. मी सरकारी सर्व्हे वगैरे काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकताच कुऱ्हाड खाली ठेवून मला जय भीम घातला. मग घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, आपला माणूस आहे, चहा ठेव म्हणून. कचेरीत नोकरी आहे हे कळल्यावर तर त्यांच्या डोळ्यांत जे आलं, त्याला मी तेव्हा भोळेपणा म्हणालो होतो. तो विश्वास होता.

त्यानंतर दर रविवारी भाऊ माझ्याबरोबर. मशीनला ते "थाळी" म्हणायचे. मी हेडफोन काढून दिले की कान लावून ऐकायचे आणि स्वतःशीच हसायचे. आम्हाला राजाछाप पैसे सापडले, भोकाचा पैसा सापडला, पितळी बटणं, बंदुकीच्या काडतुसाची टोपी, माशांचे चेपलेले डबे. डबे बघून भाऊ म्हणायचे की साहेब इथं येऊन डब्यातले मासे खायचा आणि नदीतले जिवंत मासे आमच्यासाठी सोडायचा, म्हणजे माणूस भलाच असणार. नाण्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. ती सगळी मला देऊन टाकत. त्यांना हवी होती एकच वस्तू.

त्यांचे आजोबा त्या डेपोचे राखणदार होते. छातीवर सत्तावीस नंबरचा पितळी बिल्ला असायचा. गावात ज्या माणसाला विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते, त्यानं डेपोच्या फाटकात हात वर केला की गावच्या जमीनदाराची, मालगुजाराचीसुद्धा गाडी थांबायची. ही गोष्ट भाऊंनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी स्वतःचा हात वर करून. एका पावसाळ्यात त्या बिल्ल्याची टाचणी तुटली आणि तो याच आवारात कुठंतरी पडला. आजोबांनी शोधला, वडिलांनी शोधला, भाऊ लहानपणापासून शोधत होते. मशीन वाजलं की ते माझ्या तोंडाकडे बघत. खिळा निघाला की म्हणत, "असू द्या. खिळा बी आज्यानंच ठोकला असंल."

मी शब्द दिला होता. बिल्ला सापडला की तुमच्या हातात ठेवीन, असं मी त्यांच्या बायकोच्या समोर, त्यांच्या घरचा चहा पिताना म्हणालो होतो.

एका रविवारी भाऊ मोतीबिंदू दाखवायला गडचिरोलीला गेले होते. मी एकटाच होतो. वाकड्या मोहाच्या बुंध्यापाशी मशीन असं स्वच्छ वाजलं की मी जागेवरच गुडघ्यांवर बसलो. वीतभर खाली मुरमात पितळेची चकती होती. थुंकी लावून अंगठ्यानं घासली. वर मुकुट, खाली इंग्रजी अक्षरं, साल, आणि मधोमध सत्तावीस.

खरं सांगतो, पहिला विचार भाऊंचाच आला. दुसरा आला तो असा की, आधी फोटो काढू. घाईघाईनं खड्डा बुजवला आणि निघालो. खोलीवर येऊन बिल्ला चिंचेनं उजळला आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचा फोटो टाकला. तिथं नागपूरचे, पुण्याचे मोठमोठे लोक होते. एरवी माझ्या नाण्यांना कोणी अंगठासुद्धा दाखवत नसे. त्या दिवशी अभिनंदनांचा पाऊस पडला. एकानं लिहिलं, असा नग आयुष्यात पाहिला नाही. एवढ्यानं मी फुगलो. माणूस किती स्वस्तात फुगतो, ते मी स्वतःवरून शिकलो.

पुढच्या रविवारी द्यायचा असं ठरवून गेलो. बिल्ला शर्टाच्या खिशातच होता. भाऊ एका डोळ्यावर हिरवं फडकं बांधून बांधावर बसले होते. मागच्या आठवड्यात काही सापडलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खिळे. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघून गेल्यावर, मग आज सापडला म्हणून दाखवायलाही जमलं नाही, कारण तो चकचकीत उजळलेला होता. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अवघड झालं. मग मी कामाचं कारण सांगून जायचंच बंद केलं. बिल्ला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला, खोलीवर कधी बायको आली तर तिनं विचारू नये म्हणून.

चार-सहा महिन्यांनी भाऊंचा दावा आमच्या कचेरीत आला. वनहक्काचा. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा ताबा दाखवावा लागतो आणि त्याला दोन तरी पुरावे जोडावे लागतात. गावातल्या एका म्हाताऱ्याचा जबाब होता. दुसरा पुरावा नव्हता. तसं पत्र काढायचं ठरलं आणि ते टाईप करायला माझ्याच टेबलावर आलं. "सबब त्रुटीची पूर्तता करावी" हे मी माझ्या बोटांनी टाईप केलं. माझ्या उजव्या गुडघ्याला तो ड्रॉवर लागत होता.

पत्र मिळाल्यावर भाऊ आले. धुतलेला पांढरा सदरा, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत. आपला माणूस कचेरीत आहे म्हणून आलो, म्हणाले. मी खुर्ची दिली, पाणी मागवलं. जुनी पावती, शाळेचा दाखला, काहीही सरकारी कागद चालेल, असं मी घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आज्याचा बिल्ला चालला असता का, बाबू?"

"चालला असता," मी म्हणालो. "म्हणजे कदाचित."

त्यांनी हातातलं पत्र टेबलावर ठेवलं. मग अगदी हळू बोलले, बाजूच्या टेबलाला ऐकू जाऊ नये एवढं हळू. "त्या वाकड्या मोहाखाली कोनी तरी उलटा खड्डा बुजवला होता. मुरूम वर, काळी माती खाली. मी सुलटा करून टाकला."

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. त्यावर काहीही उघडलेलं नव्हतं. "असेल कोणी," मी म्हणालो, "गुराखी वगैरे."

भाऊ थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. ड्रॉवरची किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती. हात घालायला किती वेळ लागला असता? त्यांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं, पत्र पुन्हा पिशवीत नीट घडी करून ठेवलं, आणि "येतो जी" म्हणून गेले. ओरडले असते, चारचौघांत माझी गचांडी धरली असती, तर मी सुटलो असतो.

लाज वाटली की माणूस सुधारतो, असं आपण मुलांना शिकवतो. माझा अनुभव वेगळा आहे. मला इतकी लाज वाटत होती की मी तो ड्रॉवरच उघडत नव्हतो. नोकरी जाईल ही भीती होती, नाही असं नाही. पण तिच्यापेक्षा मोठी भीती होती ती भाऊंसमोर हात पुढे करून तळव्यावरचा बिल्ला दाखवण्याची. त्या एका क्षणातून वाचण्यासाठी मी त्यांची दोन एकर जमीन जाऊ देत होतो. बिल्ल्यानं काम झालंच असतं असं नाही, हेही मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. दावा नामंजूर झाला. ते पत्रही मीच टाईप केलं. अपिलाला साठ दिवस आहेत, ही ओळ खाली जोडायला विसरलो नाही, तेवढाच माझा चांगुलपणा.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या गावचा एक जण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आला होता. बोलता बोलता म्हणाला, तो डेपोजवळचा बुढा गेला. दोन दिवसांचा ताप. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. मी त्याच्या अर्जावर शिक्का मारला, तो भलत्याच, तारखेच्या खणात पडला.

अपिलाचे नऊ दिवस उरले होते. त्या रविवारी मी बिल्ला रुमालात बांधून गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. मीच चोरला, मला माफ करू नका, अपील मी लिहून देतो. तीनच वाक्यं होती आणि ती पाठ झाली होती.

भाऊंच्या घरच्या बाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला बघून पदर सावरून उठल्या. मी काही बोलण्याआधी रुमाल सोडून बिल्ला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता, पण ओळखला. दोन्ही हातांत घेतला, सत्तावीसवरून बोट फिरवलं आणि रडायला लागल्या. रडता रडताच शेजारच्या घराकडे बघून सांगू लागल्या, की बघा, माणूस गेला तरी बाबूनं शोधणं सोडलं नाही.

म्हणजे भाऊंनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. गावात माझं नाव त्यांनी जसं होतं तसं ठेवलं होतं.

"ते म्हनतच होते," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "बिल्ला येईन त बाबूच्याच हातानं येईन. वाट पाहा, म्हने."

शेजारपाजारच्या बाया जमल्या. कोणीतरी मला बसायला खाट टाकली. बिल्ला हातोहात फिरून परत बाईंकडे आला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "केव्हा भेटला जी?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पाठ केलेली तीन वाक्यं ओठांपर्यंत आली होती.

"काल," मी म्हणालो.