डोळे आखायचा खेळ

पेणजवळच्या जोहे गावचा निकेश कामाला वाघ, फक्त ते काम कुणी सांगितलेलं नसावं. १९९९ साली पेणच्या रामवाडीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात तो टायपिंगसाठी आला आणि वेब पेज बनवायला शिकून बसला. घरी गणपतीचा कारखाना. वडील गेल्यापासून कारखाना त्याची आई, ठमाबाई, चालवत होत्या आणि निकेश मूर्तींचे डोळे आखायचा. डोळे सगळ्यात शेवटी. तोवर मूर्ती म्हणजे माती. तडा गेला की पुन्हा भिजत टाकायची. डोळे आखले की मात्र देव, मग त्याच्यासमोर शिवीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायची.

हे सगळं ठाऊक असूनही या शहाण्याने हौसेखातर ब्राउझरमध्ये चालणारा एक खेळ केला. फळीवरून गणपती सरकत येतात, आपण माउसने उचलून टेम्पोत ठेवायचे, चुकला तो पडून फुटतो. आयुष्यभर त्याच्या हाती मूर्ती यायची ती डोळ्यांपुरतीच. त्यामुळे स्क्रीनवरही त्याने सगळ्यात आधी डोळेच काढले, तेही झकास टपोरे.

खेळ पाहून ठाण्याला वेबसाइट बनवणाऱ्या माझ्या मित्राने त्याला नोकरी देऊ केली. ठमाबाई म्हणाल्या, "खेळ करून नोकरी मिळते? दाखव मला. मग बघू, जायाचं का नाय."

त्या क्लासात आल्या, चपला बाहेर काढून. माझ्या क्लासाला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. पहिलाच गणपती त्यांच्या हातून निसटला आणि खाली पडून फुटला. ठमाबाई ताडकन उठल्या, मॉनिटरला हात जोडले, स्वतःच्या गालांवर मारून घेतलं आणि मग मुलाकडे वळल्या.

"मेल्या, देव फोडतोस?"

"आये, चित्र हाय ते!"

"डोळे हायत ना त्याला?"

एवढं बोलून त्या गेल्या. नोकरी राहिली ठाण्यात.

निकेश माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत तोंड पाडून राहिला. मी सुचवलं, गणपतीऐवजी नारळ टाक. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा काही सुचवलं नाही. मग एका दुपारी त्याने खेळातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे पुसले. आता मूर्ती कोऱ्या चेहऱ्याने यायच्या. माउस दाबून डोळे आखले की टेम्पोत, राहिली ती पडून मातीचा गोळा, आणि तो गोळा पुन्हा मूर्ती होऊन रांगेत. शेवटची तेवढी फळीच्या टोकाला थांबायची. तिचे डोळे आखेपर्यंत टेम्पो हलायचा नाही.

ठमाबाईंना कसंबसं पुन्हा आणलं. पहिली मूर्ती पडली. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"माती हाय," त्या म्हणाल्या, आणि मग बाई कुणाला ऐकेनात. दोन-तीन तर मुद्दाम पाडल्या. सावकाश येणाऱ्या मूर्तीला दम भरला. ज्यांची खरी शिकवणी होती ती पोरं कंटाळून घरी गेली.

शेवटची मूर्ती टोकाला येऊन थांबली. टेम्पो भोंगा वाजवायला लागला. ठमाबाईंनी माउसवरचा हात काढून घेतला.

"आये, आख ना डोळे."

"आखले की गाडीत जातो."

"जायालाच हवा ना?"

"व्हय रे. पण दरसाल सगळे जातात. घरी राह्यलेला एक तरी बघू दे जरा."

निकेशला काय करावं कळेना. त्याने स्वतःच माउसकडे हात नेला, तो त्यांनी फटकन बाजूला सारला.

"तू नको हात लावू. हा मी आखणार."

त्यांनी बोट पदराला पुसलं. एक डोळा आखला. थोडं थांबून दुसरा. टेम्पो निघून गेला.

रिकाम्या फळीकडे बघतच त्या म्हणाल्या, "ठाण्याची गाडी पेणवरून किती वाजता सुटते?"