कालव्याच्या कडेने, रंगाच्या मागे

रंगनाथ गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला. "काका, दादा गेले... सकाळी फिरून आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं, आणि आई तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं." खरं सांगतो, मला रडू नंतर आलं. आधी आला तो राग. लेकाचा इथेही माझ्या आधी पोचला! देवळाली प्रवऱ्याच्या या माणसाने पन्नास वर्षं मला पुढे म्हणून जाऊ दिलं नाही. अपवाद एकच, तो सांगेनच.

आमची ओळख सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीची. नगरजवळ भिंगारला आमच्या शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदारसाहेब राहत. पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करायचं अशी काहीतरी कसरत त्यांनी पलटणीत पाहिली होती, आणि ती जिल्ह्यातल्या पोरांकडून करून घ्यायचीच, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. हिला ट्रायथलॉन म्हणतात हे फार पुढे नातीने सांगितलं. आम्ही तिला तीनपेडी म्हणायचो, वेणीसारखी. नगरला पोहायला पाणी कुठलं? म्हणून शिबिर भरायचं देवळालीला, कालव्यावर, शनिवार-रविवारी. शाळेच्या वर्गात पथाऱ्या, सकाळी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, की उड्या थंडगार पाण्यात! कालव्याला पाणी आवर्तनाने सुटायचं, तितकेच दिवस पोहायला मिळायचं. एरवी नुसताच चिखल. त्यामुळे पाणी आलं की शेतकऱ्यांच्या बरोबरीने आम्हीही नाचायचो. रंगा तिथलाच, बागायतदाराचा मुलगा, काळाकुट्ट, ताडमाड, आणि पाण्यात पडला की दिसायचाच नाही.

मी जायबंदी झालो तो शुद्ध हावरटपणामुळे. हंगाम ऐन भरात होता, कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. चालत्या सायकलवरून गाडीतला ऊस उपसायचा, हा तिथल्या पोरांचा आवडता उद्योग. भिंगारच्या पोराला त्यातली मेख काय माहीत? ऊस शेंड्याकडून धरायचा असतो आणि आधी गाडीची दोरी बघायची असते. मी आडदांडासारखा मधूनच धरला. ऊस हलला नाही, सायकल पुढे गेली, मी मात्र रस्त्यावर, आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. गाडीवान मागे वळून म्हणाला, "मागितला असता तर दिला नसता व्हय रं?" दुखण्यापेक्षा ते वाक्यच जास्त लागलं.

सहा आठवडे हात गळ्यात. आईने सायकलला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. इकडे हवालदारसाहेबांनी ठरवून टाकलं होतं : कोपरगावला गोदावरीच्या पाण्यात मोठी शर्यत, तिथे आपल्यातले तीनच जातील, आणि ते तिघे आवर्तनाच्या शेवटच्या रविवारी निवडायचे. सोमवारी कालवा बंद. हात सुटला तो त्या रविवारच्या आदल्या बुधवारी. आईच्या हातापाया पडून किल्ली मिळवली आणि शनिवारी देवळालीला पोचलो. काय सांगू, वर्गातल्या त्या घामट पथाऱ्यांचा वास आला आणि मला नाचावंसं वाटलं!

पण झालं भलतंच. सगळे माझ्याशी पाहुण्यासारखे वागायला लागले. कुणी माझी पथारी घातली, कुणी सायकल पुसली. हवालदारसाहेब म्हणाले, "बेटा, तू उद्या जमेल तेवढंच कर. तुला कोण बोलणार आहे?" एकाने तर माझा चहासुद्धा फुंकून दिला. रात्रभर मला एकच भीती. हाडाची नाही. आता मी या सगळ्यांच्या लेखी शर्यतीतला उरलोच नाही, ही.

सकाळी पाण्यात उडी टाकली तर तेच. शेजारचे दोघे चक्क बाजूला सरकले, मला वाट द्यायला. डावा खांदा कुरकुरत होता. मी मऊ पाण्यात मऊ हात मारत होतो, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या अंगावरूनच गेलं. कोपर बरगडीत, टाच तोंडावर, नाकात पाणी! वर बघतो तर रंगा. मागे वळून ओरडला, "सर की बाजूला! पाटात म्हशी सोडल्यात का काय?"

माझं डोकंच फिरलं. खांदा-बिंदा विसरलो. पाण्यातून निघून सायकलवर टांग टाकली ती त्याच्या काळ्या पाठीवर नजर ठेवून. राहुरीच्या रस्त्यावरच्या बाभळीला वळसा घालताना तो समोरून परत येत होता. माझ्याकडे बघून त्याने जीभ दाखवली, वीस वर्षांच्या घोड्याने! मग कालव्याच्या कडेने धावताना मी किती जणांना मागे टाकलं मला ठाऊक नाही, मला एकच माणूस दिसत होता. तो काही सापडला नाही. रंगा पहिला आला. मी पडलो तिथे हवालदारसाहेब ओरडत आले, "तिसरा! अरे बेटा, तिसरा!"

कोपरगावला आमचं काय झालं ते विचारू नका, नदी मोठी होती. पण रंगाला मी पुढे शंभरदा विचारलं, तू ते मुद्दाम केलंस ना? दरवेळी उत्तर एकच : "छ्या! मला पयलं यायचं हुतं. तू मधी आला." मी नगरला शाळेत मास्तर झालो, तो शेतात रमला, दोघांची लग्नं झाली, नातवंडं झाली, पण हे उत्तर काही बदललं नाही.

गेल्या वर्षी तो गोठ्यात घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर दोन-अडीच महिन्यांनी भेटायला गेलो. काठी टेकत तो कालव्याच्या कडेने चालत होता, मी शेजारी. आपोआप माझी चाल मंदावली. रंगा थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यासाठी थांबतू व्हय रं? मला न्हाई सोसत असलं... चाल की तुझं तू!" मग मी निघालो. तरातरा, पार पुलापर्यंत, एकदाही मागे न बघता. कठड्याला टेकून उभा राहिलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळाने तो आला, घामाघूम, काठी हवेत नाचवत. "हारलो गड्या!" आणि असा हसला, असा हसला... तीच आमची शेवटची भेट.

महिना उलटल्यावर परवा देवळालीला गेलो. वहिनींनी त्याच्या खोलीत बसवलं. मनात खात होतं ते बोलून टाकलं, "वहिनी, मी त्या दिवशी उगाच..." त्यांनी पुरतं बोलू दिलं नाही. "भाऊजी, डॉक्टर रोज चाला म्हनायचे, तर ह्ये खाटंवरनं उठंनात. तुमी गेला आन् दुसऱ्या दिवशी उजाडायला तयार! घड्याळ लावून पुलापत्तुर जायाचे. ह्ये बघा."

खाटेशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. माझ्या भेटीच्या तारखेला पेन्सिलीने लिहिलेलं : भिंगार, सतरा. म्हणजे लेकाने मला घड्याळ लावलं होतं, पुलापर्यंत सतरा मिनिटं! दुसऱ्या दिवसापासून त्याचे आकडे. एकेचाळीस. अडतीस. पाऊस, न्हाई गेलो. पस्तीस. मी पानं उलटत गेलो, सव्वीस, बावीस, आणि माझी छाती धडधडायला लागली, शर्यतीत धडधडावी तशी. एकोणीस. अठरा. पुन्हा एकोणीस. आठवडाभर सतरा, सतरा, सतरा. शेवटचा आकडा तो गेला त्या सकाळचा. ओट्यावर टेकण्याआधी आत येऊन लिहिला असणार, अक्षर दमलेलं होतं.

सोळा.