तिसऱ्यांदा दाबलेला पिन

आमची पोस्ट साडेपंधरा हजार फुटांवर होती. नाव सांगत नाही, सांगायची सवयच नाही. मी सिग्नलचा हवालदार, गाव दारव्हा तालुक्यात. माझ्या हाताखाली नायक गोविंद आडे, उमरखेडकडच्या एका तांड्यावरचा. एका जिल्ह्याचे आम्ही दोघंच. ड्युटी संपली की आमची वऱ्हाडी सुरू व्हायची आणि बाकीची पोस्ट वैतागायची.

काम एका टर्मिनलवर. त्यावरून हेडक्वार्टरच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करायचं तर स्मार्टकार्ड लागे. एटीएम कार्डाएवढंच. रीडरमध्ये सरकवायचं, सहा आकडी पिन टाकायचा. कार्ड चोरलं तरी पिन माहीत नाही, पिन कळला तरी कार्ड हातात नाही, अशी ती सोय. पिन सलग तीनदा चुकला की कार्ड लॉक. ते उघडायचा अधिकार बेसवरच्या सिग्नल ऑफिसरला, आणि त्यासाठी कार्ड त्यांच्या हातात पोचवावं लागे.

नियमांच्या बाबतीत मी खडूस होतो. आडे एकदा कार्ड रीडरमध्येच ठेवून चहाला गेला. मी ते खिशात टाकलं आणि त्याला तासभर शोधू दिलं. शेवटी दिलं तेव्हा बिचाऱ्याला घाम फुटला होता, त्या थंडीत.

"भाऊ, जीव घेता काय माहा?"

"कार्ड गळ्यात पायजे, गोविंदा. इथं तुह्या आजोबाचं दुकान नाही."

'पिन दोनदा चुकला तर हात काढा, ऑफिसरला कळवा,' ही सूचनाही मीच ठळक अक्षरांत लिहून टर्मिनलवर चिकटवली होती. जगाला शिस्त लावायला मीच बसलो होतो ना!

त्या आठवड्यात आडेची सुटी मंजूर झाली. बहिणीचं, वंदनाचं लग्न होतं. सुटीच्या नियमाप्रमाणे त्याचं कार्ड आधीच बेसवर जमा झालं. पोस्टवर चालणारं कार्ड उरलं एकच, माझं. दोन दिवसांनी पहाटे खाली जाणाऱ्या पार्टीबरोबर तो निघणार होता.

"वंदीनं दोनदा फोन केला. हळदीच्या अगोदर ये म्हणते," तो पेटी भरताना म्हणाला. खूश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला मी लॉगिनला बसलो. सातला रिपोर्ट जायचा. पिन मी आदल्या संध्याकाळीच बदलला होता, पण बोटांनी जुनाच टाकला. चुकला. हातमोज्यामुळे भलतंच बटण दाबलं गेलं असेल असं वाटून मी परत जुनाच टाकला. चुकला. तेव्हा नवा आठवला. सूचना डोळ्यांसमोर होती, माझ्याच अक्षरात. पण दोन वर्षांत माझा एकही रिपोर्ट चुकला नव्हता, आणि नायब सुभेदारपदाच्या बढतीसाठी माझं नाव वर गेलं होतं. मी घाईघाईत नवा पिन टाकला आणि शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले.

कार्ड लॉक.

रिपोर्ट रेडिओवर दिला. मग बेसवरचे सिग्नल ऑफिसर, कॅप्टन साहेब लाइनवर आले.

"कार्ड कसं लॉक झालं? ओव्हर."

"रीडरमध्ये खराबी वाटते, साहेब. ओव्हर."

"ठीक. उद्याच्या पार्टीबरोबर पाठवा. आज रेडिओवर चालवा. घाई नाही. आउट."

घाई नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण दिवसभर रेडिओ म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे रीडरमध्ये काहीच खराबी नाही हे बाहेर येणार. कार्ड आजच उघडून आलं तर सगळं विसरलं जाईल, असा मी हिशेब केला.

"गोविंदा, आजच जातं का? कार्ड तेवढं साहेबाले दे. खालून तुले एक दिवस अगोदरची गाडी भेटन."

"जातो न, भाऊ. काहून नाही?"

पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांना मी सांगितलं, काम अर्जंट आहे. माझ्या शब्दावर त्यांनी परवानगी दिली. वाटेतला बर्फाचा उतार दहाच्या आत ओलांडायचा नियम होता, ऊन चढलं की बर्फ सुटतं. निघेपर्यंत नऊ पन्नास झाले. सोबत एक जवान, संध्याकाळी कार्ड परत आणणारा, अंतर ठेवून मागे. दहा वीसला उतारावरचं बर्फ घसरलं. मागचा जवान वाचला. आडे तिसऱ्या दिवशी सापडला. माझं कार्ड त्याच्या आतल्या खिशात होतं.

इन्क्वायरीत मेजर साहेबांनी विचारलं, "तो त्या दिवशीच का निघाला?"

मी म्हणालो, "सुटीची घाई होती, साहेब. घरी बहिणीचं लग्न होतं."

हेच वाक्य तांड्यावर पोचलं. पोचवणाराही मीच, त्याचं पार्थिव घेऊन मीच गेलो होतो. लग्न पुढे ढकललं, मग वर्षभरानं चार माणसांत उरकलं. त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची, "वंदीनं घाई केली म्हणून माहा पोरगा गेला." लेकीशी ती कामापुरतंच बोलायची. मी दर वर्षी त्याच्या दिवसाला जायचो, ओसरीवर बसायचो, हे ऐकायचो आणि चहा प्यायचो. सहा वर्षं. बंदुकीसमोर उभा राहिलो आहे मी, पण त्या बाईसमोर माझी जीभ उचलली नाही. लाज वाटते लिहिताना.

यंदा गेलो तर वंदना माहेरी आलेली होती. उमरखेडला तिचं ऑनलाइन दाखल्यांचं केंद्र आहे. पेन ड्राइव्हएवढं टोकन माझ्यासमोर धरून म्हणाली, "भाऊ, तुमी सिग्नलचे न, पाहा बरं. याच्याबिगर लॉगिनच होत नाही. काल पिन बदलला, आज बोटं जुनाच टाकून राह्यले. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा वाटलं, आता बरोबर हाये. लॉक झालं." आणि हसली.

आतून आईचा आवाज आला, "सगळ्यातच घाई हाये इले. भावालेही घाईनंच..."

वंदनाचं हसू गेलं. तिनं टोकन मुठीत घेतलं आणि खाली पाहिलं.

मी कप खाली ठेवला.

"मावशी, बाहेर या. गोविंदा वंदनाच्या फोनानं निघाला नव्हता. मी पाठवला त्याले."

आई दारात येऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं, वेळेसकट. तीन वेळा चुकलेला पिन, साहेबांचं 'घाई नाही', रीडरचं खोटं, इन्क्वायरीतलं खोटं.

"कायले लपवलं?" आईनं विचारलं.

"बढतीसाठी. मग भीतीनं."

"सहा वर्षं तुमी इथं बसून चहा पेले, भाऊ," वंदना म्हणाली.

आईनं नंतर माझ्याकडे पाहिलं नाही. लेकीजवळ गेली, तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"वंदे, जेवली काय तू?"

"नाही, याडी," ती आईला म्हणाली.

"चाल. वाढतो तुले."

दोघी आत गेल्या. मी ओसरीवरच्या गोविंदाच्या फोटोसमोर उभा राहून सॅल्यूट केला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी युनिटला पत्र टाकलं. त्यातला मजकूर तोच, जो इथे लिहितो आहे: नायक गोविंद आडे, वय एकोणतीस. तो सुटीसाठी निघाला नव्हता. हुकमावरून, दुसऱ्याची चूक निस्तरायला, ड्युटीवर गेला होता. हुकूम देणारा मी.