कामता भैयांचा उजवा हात

माणसाच्या बुद्धीच्या प्रकाशापुढे भुताखेतांचा अंधार टिकत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर ठामपणे म्हणत आलो आहे. मुख्यतः बायकोला. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. आणि बुद्धीचा प्रकाश म्हणजे माझ्या बाबतीत एक मल्टिमीटर आहे, ज्याचा सेल अधूनमधून उतरतो.

या सदरातले अनुभव मी वाचतो ते झोप यावी म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, रिक्षावाल्याचे उलटे पाय... माझ्याकडे यातलं काही नाही. मला जे सांगायचं आहे ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, कारखान्यातल्या सगळ्या शॉपच्या देखत घडलं. म्हणूनच ते कोणाला सांगताना जास्त अवघड जातं.

मी मूळचा साताऱ्याचा. सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी लागली म्हणून झाशीला आलो आणि रिटायर झाल्यावर परत जायचं राहून गेलं. मुलाला मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं. घरी बसून पेपर वाचण्यापेक्षा बरं म्हणून झाशीजवळच्या बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यात मशिनींच्या देखभालीचा सल्लागार म्हणून जातो. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथे बनतात. नाव सांगत नाही. मालक अजून माझ्याशी बोलतात, ते बोलत राहावेत अशी इच्छा आहे.

या कारखान्यात एक जुनी पॉवर प्रेस होती. डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, पत्रा ठेवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार मिळतो. मध्ये हात राहिला तर हातालाही मिळतो. इथले जुने कामगार कामता भैया यांचा उजवा हात असाच गेला होता — मी येण्याच्या पुष्कळ आधी. मनगटापाशी चिरडला, मग सड वर चढत गेली, आणि शेवटी कोपराच्या वरून कापावा लागला. मालकांच्या वडिलांनी त्यांना फाटकावर बसवलं. काही महिन्यांनी कामता भैया उठले आणि पुन्हा त्याच प्रेससमोर येऊन उभे राहिले. डाव्या हाताने पत्रा ठेवायचा, पायाने पायडल. दोन हातवाल्यांपेक्षा ते मागे पडत नसत. शर्टाची उजवी बाही दुमडून सेफ्टी पिनेने टाचलेली, तोंडात तंबाखू, आणि जीभ अशी की नवीन सुपरवायझर आठवड्यात बदली मागत.

मग नवी प्रेस आली. हिला पायडल नाही. पुढे दोन हिरवी बटणं, एकमेकांपासून हातभर लांब, प्रत्येकावर लोखंडी टोप — आत फक्त पंजाच जाईल एवढी जागा. दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच प्रेस पडते, आणि दर वेळी दोन्ही सोडून पुन्हा दाबावी लागतात. म्हणजे एक बटण काडी खुपसून दाबून ठेवलं तरी उपयोग नाही. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये कुठला हात जाणार? कल्पना साधी आणि चांगली होती.

मालकांनी एक चूक केली. उद्घाटन विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ठेवलं. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगतो — इथे त्या दिवशी कारखान्यातल्या मशिनी धुऊन, हार घालून पूजतात आणि चालवत नाहीत. वर्षातला त्यांचा तेवढा एक सुटीचा दिवस. मालकांना मात्र प्रमुख पाहुण्यांची तारीख त्याच दिवशी मिळाली होती. पाहुणे चौथ्या औद्योगिक क्रांतीवर बराच वेळ बोलले. बिजौलीत दुसरी अजून नीट पोचलेली नाही, पण असो. भाषणानंतर त्यांना बटण दाबायला नेलं, तर एका हातात आरतीचं ताट. त्यांनी एक बटण दाबलं. काही झालं नाही. मालकांनी धावत येऊन दुसरं दाबलं, आणि नवी प्रेस दोन माणसांनी मिळून चालवली.

"वाह," कामता भैया मागून म्हणाले. "पैले एक आदमी एक गोड़ से चलात तो. अब दो साब लग रए."

गोड़ म्हणजे पाय. सगळे हसले. मग ते हसणं थांबलं, कारण एकेकाच्या लक्षात आलं की जुनी प्रेस दिवाळीला भंगारात जाणार आहे आणि नव्या प्रेसला दोन हात लागतात.

दुसऱ्या दिवसापासून शॉपमधला एकही माणूस नव्या मशीनला हात लावेना. सणाच्या दिवशी चालवली, अपशकुनी आहे, हे एक कारण. कामता भैया नाही तर आम्ही नाही, हे दुसरं. तिसरं कोणी बोलत नव्हतं : मजुरी नगावर होती आणि दर नगाला दोन्ही हात काढून बटणांवर न्यायचे म्हणजे नग कमी. माणुसकी आणि पीसरेट एकाच दिशेला चालले की संप फार टिकतो.

मालक चौथ्या-पाचव्या दिवशी चिडून शॉपमध्ये आले. "ठीक है," ते म्हणाले. "कामता चला के दिखा दे इस मशीन को, तो कामता यहीं रहेगा. मेरी ज़बान है. और नहीं चला पाए तो बाकी सब चुपचाप काम पर लगो."

हे बोलणं त्या शॉपमध्ये मी ऐकलेलं सर्वांत क्रूर बोलणं होतं, आणि मालक स्वभावाने क्रूर नाहीत. कामता भैयांनी तंबाखू थुंकली, डाव्या हाताने पत्रा डायवर ठेवला, दोन बटणांसमोर येऊन उभे राहिले. डावा पंजा डाव्या टोपाखाली घातला. उजवा खांदा थोडा पुढे झुकवला. पिन लावलेली बाही उजव्या टोपापासून चांगली वीतभर लांब होती.

प्रेस खाली आली.

आवाज नेहमीचाच. ब्रॅकेट व्यवस्थित बनलेला. कामता भैयांनी तो उचलून मालकांच्या हातात दिला.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "देवधर जी, ये क्या है?"

"फॉल्ट," मी म्हणालो. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

फॉल्ट सापडला नाही. बटणं बदलली, रिले बदलले, वायरिंग नवं ओढलं. इतर कोणीही एका हाताने प्रयत्न केला तर प्रेस ढिम्म. कामता भैया उभे राहिले की चालते. उजव्या बटणाची वायर काढली, तर त्यांच्याही हातून चालेना. म्हणजे सिग्नल त्याच बटणातून येत होता. शेवटी मी उजवा टोप खोलून बाजूला ठेवला आणि वाकून पाहत राहिलो.

हिरवं बटण खाली गेलं. पूर्ण, तळापर्यंत. मग वर आलं.

मी काय केलं ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मी माझा पंजा त्या बटणावर ठेवला — दाबला नाही, नुसता ठेवला — आणि म्हणालो, "अब चलाओ." मला काहीच जाणवलं नाही. ऊब नाही, गारवा नाही, काही नाही. प्रेसही चालली नाही.

"साब," कामता भैया अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हटाओ. तुमाओ हाथ हमाए हाथ पे धरो है."

मी हात काढला. प्रेस चालली.

तुटलेला अवयव अजून आहे असं वाटणं, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. मीही वाचलं आहे. कामता भैयांनी मला नंतर चहा पिताना सांगितलं, की त्यांचा गेलेला हात इतकी वर्षं मूठ आवळून होता. नखं तळव्यात रुतायची. रात्री झोप लागायची नाही. ती मूठ उघडायची कशी, उघडायला बोटं कुठे होती? त्या दिवशी मालकांच्या बोलण्याने जिद्दीला पेटून त्यांनी बटणावर पंजा टेकवायचा प्रयत्न केला आणि मूठ उघडली.

"बरसन बाद, साब. जैसें कोऊ ने हाथ पकर के खोल दई होय."

डॉक्टरांच्या पुस्तकात इथपर्यंत सगळं बसतं. बटण खाली जाणं बसत नाही.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, मग आता त्यांचं दुखायचं थांबलं ना?" मी म्हटलं, मुद्दा तो नाही. ती म्हणाली, "नाही कसा?"

मालकांनी शब्द पाळला. इतर लोकही हळूहळू नव्या मशीनवर आले. चमत्काराची सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत. कामता भैया मात्र त्या मशीनच्या प्रेमात पडले. शिफ्टच्या आधी येऊन उभे. जेवणाच्या सुट्टीत उगाच रिकामी प्रेस चालवायचे. लोक थट्टा करत, "काए कक्का, नई दुलैन से पेट नईं भरत?" ते म्हणत, "तुमाई दुलैन से तो साजी है. चिल्लात कम है." दुलैन म्हणजे नवरी, साजी म्हणजे चांगली.

आता इथून पुढचं.

नग कमीच होते. मालक कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि लाइट कर्टन घेऊन आले, म्हणजे किरणांचा पडदा. नव्या प्रेसच्या तोंडाशी दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे किरण. हात आत आहे तोवर प्रेस हलत नाही. हात बाहेर आला की आपोआप पडते. बटणं नाहीतच. पत्रा ठेवा, हात काढा, नग तयार. सुरक्षितही आणि झटपटही. लोक खूश झाले. या वेळी कोणी अपशकुनाचा विषय काढला नाही.

विरोध एकट्या कामता भैयांनी केला. "हमाई बटन रैन दो," एवढंच त्यांचं म्हणणं. पूर्वी त्यांच्यासाठी संप करणारा शिवचरन त्यांना समजावू लागला. "कक्का, जा में तो एकई हाथ चानें. तुमाए लाने ई तो बनी है." आणि ते खरं होतं. कागदावर पाहिलं तर एका हाताच्या माणसाला याहून सोयीची मशीन नव्हती.

मी मालकांकडे गेलो. म्हटलं, कामताला एका जुन्या मशीनवर बटणं लावून देऊ, पडद्यावर नको.

"क्यों?"

"त्याची सवय जाणार नाही. डावा हात बाहेर येईल, उजवा आत राहील."

हे मी हिंदीत म्हणालो, आणि हिंदीत ते आणखीच वेड्यासारखं वाटलं. मालकांनी चष्मा काढला.

"कौन सा हाथ, देवधर जी?"

मी शॉपमध्ये परत आलो. कामता भैयांना मी एवढंच सांगितलं, की उजवा मागे ठेवा, कमरेवर. ते म्हणाले, "कोसिस करहैं." दोन-तीन दिवस उजवा खांदा मागे खेचून ते तिरके उभे राहत. पाठीला रग लागे.

एका दुपारी पत्रा डायवर थोडा वाकडा बसला. मी पलीकडच्या मशीनपाशी होतो, मला स्पष्ट दिसलं. त्यांनी डावा हात बाहेर काढला, आणि त्याच क्षणी त्यांचा उजवा खांदा पुढे गेला. पत्रा सरळ झाला. कसा, ते विचारू नका. पडद्याचा हिरवा दिवा लागलेलाच होता. पडद्याच्या मते आत काहीच नव्हतं.

प्रेस पडली.

कामता भैया ओरडले नाहीत. खाली बसले आणि टाचलेली बाही डाव्या हाताने पकडून पुढेमागे डुलू लागले. शिवचरनने मेन स्विच पाडला. प्रेस वर करून आम्ही डाय पाहिली. रक्त नाही, काही नाही, एक चांगला ब्रॅकेट. दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा तपासला, जुनी जखम तपासली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मी पडदा तपासला. लाकडाची फळी आत धरून पाहिली, प्रेस थांबली. कागद धरून पाहिला, थांबली. पडद्यात आजही काही दोष नाही.

महिन्याभराने मी त्यांच्या गावी गेलो. मोठ गावाच्या पुढे, कानपूर रोडवरून आत. ते खाटेवर बसले होते, बरे दिसत होते. मी विचारलं, दुखतं का?

"नईं."

"मूठ?"

"नईयां, साब." त्यांनी डाव्या हाताने बाहीची पिन सरळ केली. "पैली बेर हाथ गओ तो, मनो गओ नईं हतो. अबकी बेर गओ." बेर म्हणजे वेळ, मनो म्हणजे पण.

मी म्हटलं, काढलेली बटणं अजून आहेत, पुन्हा लावू, मालकांशी बोलतो, परत या. ते हसले. "कौन से हाथ से चलाहैं?"

त्यानंतर ते आपणहून आले नाहीत. एकदा आणून बटणं लावलेल्या प्रेससमोर उभं केलं होतं, माझ्याच आग्रहाने. डावा पंजा टोपाखाली घालून ते बराच वेळ थांबले. प्रेस हलली नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. मल्टिमीटरकडेही नाही. कोणा जाणकाराला काही सुचत असेल तर जरूर लिहा; फक्त व्होल्टेज कमीजास्त होत असेल, असं कृपया लिहू नका, ते मी पाहिलं आहे.

मशीनवर अपघात झाला अशी नोंद तरी व्हावी, म्हणून शिवचरन आणि बाकीचे लोक मिळून सरकारी कचेरीत गेले होते. तिथल्या बाबूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जुनी फाइल काढली आणि सांगितलं, की कामताप्रसाद यांच्या उजव्या हाताचा अपघात आधीच नोंदलेला आहे, एकाच हाताचा दोनदा नोंदवता येत नाही.